बिटकीच्या झाडाचं जळण

मला राग लवकर येतो आणि उतरायला वेळ लागतो. वाडीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. पण मागच्या मे महिन्यात जो राग आला तो अजून पुरता उतरलेला नाही, आणि तो आला जळणाच्या लाकडांवरून.

आमचं घर रत्नागिरीहून पावसकडे जाताना मोठा रस्ता सोडून खाली उतरलं की लागतं. घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. मी शहरात एका शाळेच्या ऑफिसात कामाला आहे. तिथल्या बायकांना म्हटलं की उद्या रजा, लाकडं येणार आहेत, तर त्या माझ्याकडे बघतच राहतात. "अजून चूल पेटवता?" म्हणून विचारतात. हो, पेटवते. स्वयंपाक गॅसवर होतो, न्हाणीघरात गिझरही बसवलाय. पण पावसाळ्यात आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी येते, आणि आली तरी टेकत नाही. शिवाय बाबा. बाबांना आंघोळीला पाणी लागतं ते न्हाणीमागच्या चुलाणावर, तांब्याच्या हंड्यात तापलेलं. गिझरचं पाणी वरवर तापतं, हाडापर्यंत पोचत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी गुपचूप गिझरचं पाणी बादलीत काढून दिलं. पहिला तांब्या अंगावर घेतल्याबरोबर आतून हाक आली, "ह्या कसला पानी गो?" तेव्हापासून मी कानाला खडा लावला.

पूर्वी आम्हाला लाकडं विकत घ्यावी लागत नव्हती. माडाची चुडतं, नारळाची सोडणं, कलमांच्या छाटणीच्या फांद्या, वाऱ्याने पडलेली एखादी काजू, एवढ्यावर पावसाळा निघून जायचा. मे महिन्यात आई सगळं खोपीत रचायची आणि त्या रचलेल्याला हात लावायला कुणाला परवानगी नसायची. खोप म्हणजे मागच्या बाजूची लाकडं ठेवायची शेड. आता आई नाही. माडावर चढायला माणूस मिळत नाही. बाबांना घरामागच्या परड्यापलीकडे चालवत नाही, आणि मी सकाळच्या एसटीने जाते ती संध्याकाळी येते. मग करणार काय, विकत घ्यायची.

विकत घ्यायची म्हटलं म्हणजे मिळतात असं नाही. आमच्या भागात लाकडं पोचवणारा एक टेम्पोवाला आहे, पलीकडच्या वाडीतला. त्याला मी शिमगा झाल्या झाल्या सांगून ठेवलं होतं की मला ऐन किंवा किंजळ पाहिजे, वाळलेली, फोडलेली. तो म्हणाला, "तुमी काळजीच करू नका ताई." त्याच वेळी मी काळजीला लागायला हवं होतं. एप्रिल गेला. फोन केला की "उद्या". परवा केला की परत "उद्या". एकदा मी चिडून म्हटलं, लाकडं कुठे जातात तरी तुझी? तर हसत हसत म्हणाला, "होमस्टेवाल्यांना देव्ची लागतात ना ताई. त्यांका सरळ सरळ ओंडके पायजेत. शेकोटीला."

शेकोटीला! मे महिन्यात! दिवसभर घामाच्या धारा लागलेल्या असतात, अंगाला कपडा सोसत नाही, आणि ही माणसं समुद्रावरून येऊन अंगणात ओंडके पेटवून भोवती खुर्च्या टाकून बसतात. वर पंखा लावून घेतात. मी स्वतः बघितलंय, एसटीतून उतरून येताना. एक बाई फोनवर शेकोटीचा फोटो काढत होती आणि दुसऱ्या हाताने वारा घेत होती. त्या शेकोटीत माझी किंजळ जळत होती. उरलेलं चांगलं लाकूड ट्रक भरभरून घाटावर जातं, ते वेगळंच. ज्यांच्या दारासमोर ही झाडं वाढली त्यांनी मात्र ढलपी-ढलपीसाठी टेम्पोवाल्याच्या पाया पडायचं. बाबा रोज संध्याकाळी मी पायातल्या चपला काढायच्या आत विचारायचे, "आली काय लाकडा?" आणि मी त्यांच्यावर खेकसायची, जसं काही त्यांनीच अडवून ठेवली होती.

आता एका झाडाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या वाडीत मयताला लाकूड विकत आणत नाहीत. कुणी गेलं की प्रत्येक घरातून एकेक माणूस आपल्या खोपीतलं लाकूड खांद्यावर घेऊन येतो, त्या घरच्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला ठेवतो आणि बाजूला उभा राहतो. काही विचारायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. आणलेलं लाकूड परत न्यायचं नाही, आणि ते घरच्या चुलीतही जात नाही. हे झालं वाडीचं लाकूड. खालचं मोठं लाकूड मात्र गेलेल्या माणसाच्या स्वतःच्या झाडाचं असतं. वाडीतल्या बहुतेक म्हाताऱ्या माणसांचं असं एखादं आंब्याचं झाड ठरलेलं आहे. झाडावर खूण करत नाहीत आणि तोंडाने कुणी ते बोलून दाखवत नाही. असं बोलणं बरं नाही. ते झाड नुसतं तोडायचं नाही, एवढंच. ज्याला कळायचं त्याला कळतं.

बाबांचं झाड ओढ्यापलीकडच्या उतारावर होतं. बिटकीचं झाड. बिटकी म्हणजे मुठीत मावेल एवढा रायवळ आंबा. आमच्या झाडाच्या बिटक्या इतक्या आंबट की माकडंसुद्धा एक चावा घेऊन टाकून देत. लोणच्याला घ्याव्यात तर आत अळी. कुणी काही म्हटलं तरी बाबांनी ते ठेवलं. त्याच्या बुंध्याला एक लोखंडी कडी होती, बाबांनी तरुणपणी म्हैस बांधायला ठोकलेली. झाड वाढत गेलं आणि कडी अर्धी सालीच्या आत गेली. वाडीतल्या प्रत्येकाची म्हैस कधी ना कधी त्या कडीला बांधलेली आहे.

आई गेली तेव्हा तिच्यासाठी त्याच उतारावरचा दुसरा आंबा तोडला. तोडणाऱ्यांना पाणी द्यायला मी गेले होते. सगळे लाकडं उचलून खाली निघाले आणि बाबा मागे राहिले. ते बिटकीजवळ थांबले आणि त्यांनी बुंध्यावर हात ठेवला. मला कळलं, आणि जे जे मागे वळून बघत होते त्या सगळ्यांना कळलं. माझ्या चुलतभावाला कळलं नाही, कारण तो तेव्हा मुंबईतच होता. तिसऱ्या दिवशी आला.

हा चुलतभाऊ माझ्यापेक्षा लहान. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात, मीही पूर्वी म्हणायची. उतार आमचा आणि त्याचा सामायिक. सातबाऱ्यावर त्याचं नाव, बाबांचं नाव, आणखी कितीतरी हयात नसलेल्यांची नावं. मला भाऊ नाही, तेव्हा रीतीप्रमाणे बाबांना अग्नी द्यायचा तो यानेच. हे वाडीतल्या बायका मला अधूनमधून आठवण करून देतात, जसं काही मी विसरणार आहे. बाबांना रोज पाणी तापवून देणारी मी, औषधाच्या गोळ्या देणारी मी, त्यांच्या शिव्या खाणारी मी. शेवटची काडी मात्र मुंबईहून येणार.

मे संपत आला. आभाळात मळभ धरायला लागलं आणि माझा जीव वरखाली होऊ लागला. त्यात बाबांना ताप आला. चार दिवस ओटीवर येऊन बसले नाहीत, आत पडून होते. डॉक्टर रिक्षा करून घरी येऊन गेले. वाडीने रिक्षा आलेली पाहिली, गेलेली पाहिली. ओढ्यापलीकडे आठवडाभर कटरचा आवाज येत होता, पण या दिवसांत सगळीकडेच झाडं तुटत असतात. मला वाटलं कुणाचं तरी काजूचं असेल. खरं सांगायचं तर मला त्या आवाजाकडे लक्ष द्यायला सवड नव्हती.

आणि एका दुपारी, मी रजेवर असताना, टेम्पो आला. फोन न करता. वाडीच्या वाटेवरून, सगळ्यांच्या दारांवरून, सावकाश हॉर्न देत आला आणि आमच्या खळ्यात उभा राहिला. टेम्पोवाला खाली उतरला. मागचं फळकूट पाडलं आणि त्याने आणि त्याच्या माणसाने धडाधड लाकडं खाली टाकायला सुरुवात केली.

मी एक ढलपी उचलली. पिवळट, ओलसर, हलकी. आंबा. दुसरी उचलली, आंबा.

तळपायाची आग मस्तकात गेली. "ऐन कुठाय?" मी विचारलं. "किंजळ कुठाय? मी तुला शिमग्यापासून सांगतेय."

"ताई, ऐन सगळा गेला. ह्या आसा तेवढा मी तुमच्यासाठी मुद्दाम राखून ठेवलाव."

"राखून? कुणी घेत नाही ते माझ्याकडे आणून टाकतोस आणि राखून ठेवलं म्हणतोस? हा ओला आंबा पेटणार कधी? धुरानेच म्हाताऱ्या माणसाचा जीव घेशील!"

मी एकदा सुरू झाले की माझ्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. मी त्याला होमस्टेवरून धरलं, शेकोटीवरून धरलं, "उद्या उद्या" वरून धरलं. तो बिचारा मान खाली घालून लाकडं टाकत राहिला. एवढ्यात शेजारचे एक गृहस्थ खळ्यात आले. खांद्यावर एक जाड ढलपी. त्यांनी ती कडेला, तुळशीपासून लांब, अलगद ठेवली आणि मागे सरून उभे राहिले. मला वाटलं, टेम्पो बघून मदतीला आलेत. मला बरंसुद्धा वाटलं. त्यांच्यामागून आणखी एक आले, खांद्यावर लाकूड घेऊन. मग आणखी दोघं.

"अहो, मदतीला आलात तर तिकडे कडेला काय ठेवताय?" मी म्हटलं. "खोपीत रचा ना आत."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला कळेना माझं काय चुकलं. सगळे खाली बघत होते. तेवढ्यात शेजारची काकी आली. आमच्या आईची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या हातात बारकं लाकूड, पदर तोंडाला लावलेला. लाकूड ठेवून ती सरळ माझ्याकडे आली आणि तिने मला जवळ ओढलं.

"बाय, धीर धर गो," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"धीर कसला धरू, काकी?" मी अजून टेम्पोवाल्यावरच होते. "याने सगळा आंबा भरून आणलाय!"

"आंबोच लागतो बाय, आंबोच लागतो," काकी माझी पाठ थोपटत म्हणाली.

आणि ओटीचं दार उघडलं. बाबा काठी टेकत बाहेर आले. अंगावर शाल, दाढीचे खुंट वाढलेले, ताप उतरून चेहरा लहान झालेला. त्यांनी खळ्यात बघितलं. कडेला रचलेली लाकडं बघितली, खाली मान घालून उभी असलेली वाडी बघितली. मयत असलं की माणसं कशी उभी राहतात हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"कोन गेला गो?" त्यांनी मला विचारलं.

मग काकीने मान वर केली, बाबांना बघितलं आणि "अरे देवा, भावजी!" म्हणून मोठ्याने किंकाळी फोडली.

पुढचं हळूहळू कळलं, तुकड्यातुकड्याने, एकमेकांकडे बघत सांगितलेलं. बाबा चार दिवस दिसले नव्हते. डॉक्टर येऊन गेले होते. आणि आज टेम्पो वाटेवरून गेला तेव्हा सगळ्यांत वर, लाकडांवर, एक अखंड ओंडका ठेवलेला होता आणि त्याला कडी होती. ती कडी सगळ्यांना ओळखीची, मीच रागाच्या भरात तो ओंडका पाहिला नव्हता. बिटकी तुटली आणि तिचं लाकूड म्हाताऱ्याच्या घराकडे चाललंय, म्हटल्यावर आणखी काय समजायचं? अशा वेळी दारात जाऊन विचारत नाहीत. लाकूड घेऊन जातात. तशी सगळी वाडी आपल्या खोपीतलं लाकूड घेऊन आली होती.

माझ्या हातातली ढलपी खाली पडली. मी एवढा वेळ ज्या लाकडाला नावं ठेवत होते, कुणी घेत नाही म्हणत होते, ते बाबांचं झाड होतं. ते मला विकायला आणलं होतं.

बाबा ओटीवरून खाली उतरले. मी हात धरायला गेले तर त्यांनी हात झिडकारला. ते ढिगाजवळ गेले. तो ओंडका बाजूला पडला होता. कडीच्या लोखंडावर कटरचे दात मोडतील म्हणून तेवढा भाग तोडणाऱ्याने तसाच अखंड सोडला होता. बाबांनी वाकून कडीत बोट घातलं. गंजलेल्या, सालीत रुतलेल्या कडीत. खूप वेळ ते तसेच वाकून राहिले. मला वाटलं ते आता पडणार.

"कोनी तोडलान?" त्यांनी विचारलं.

टेम्पोवाल्याचा चेहरा पांढरा पडला होता. "काका, माका काय ठाव नाय. अख्खो उतार घेतलो ठेकेदारान. मी तिथसून नुसता भरून आणलंय." ठेकेदाराला उतार कुणी दिला, ते त्याने सांगायची गरज नव्हती. मे महिन्याच्या सुरुवातीला चुलतभाऊ येऊन दोन रात्री राहून गेला होता. माझ्या हातचे घावने खाऊन गेला होता. एक शब्द बोलला नव्हता.

मी तिथेच, सगळ्यांच्या देखत, त्याला फोन लावला.

"ताई, अगं मी तुला सांगणारच होतो," तो म्हणाला. "वरून गाडी उतरेल असा रस्ता काढायचाय. झाडं जायचीच होती ती. आणि सामायिक आहे ना, माझंही नाव आहे."

"बिटकी तोडलीस?"

"कुठली बिटकी?"

"बाबांची."

"अगं त्या आंबट झाडाचं काय एवढं? लोणचंसुद्धा होत नाही त्याचं, तूच म्हणायचीस."

"ते बाबांच्या वेळेसाठी ठेवलेलं झाड होतं. सगळ्या वाडीला माहीत आहे."

त्या क्षणी त्याने नुसतं "चुकलं" म्हटलं असतं तर कदाचित मी हे लिहायलाही बसले नसते. पण तो म्हणाला, "ताई, कुणी मला सांगितलं का? झाडावर काही लिहिलं होतं का? आणि आता लाकडं लागतात कुठे? आमच्याकडे मुंबईत सगळं गॅसवर होतं. स्वच्छ. अर्ध्या तासात मोकळं."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकीने कानावर हात ठेवले. मी फोन बंद केला तरी मला वाटत होतं की मी पुरेसं बोललेच नाही. त्याचं बाकी एक खरं होतं, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे अशा गोष्टी सांगत नाहीत. पण जो माणूस अग्नी द्यायचा हक्क घेऊन मुंबईत बसलाय, त्याने एकदा तरी विचारावं ना, काका, तुमचं झाड कुठलं?

खळ्यात सगळे तसेच उभे. कुणाला निघताही येईना. आणलेलं लाकूड परत नेता येत नाही, आणि मयत तर समोर काठी टेकून उभं. टेम्पोवाला म्हणाला, ताई, मी हे सगळं उचलून नेतो, माका काय नको तुमच्याकडसून. मी त्याला म्हटलं, नेऊन कुठे टाकणार, शेकोटीला? खबरदार हात लावलास तर.

मग बाबा बोलले. ओंडक्यावर बसले आणि तिथूनच बोलले. "चुलान पेटव गो. चार दिवस आंघोळ नाय माका."

काकी पुढे झाली. "भावजी, ही मयताची लाकडा. घरच्या चुलीत घालतंत काय कोन?"

बाबांनी मान वर केली. "मयत कुठाय? दाखव माका."

कुणालाच दाखवता येईना. एक जण हसला आणि मग त्याने जीभ चावली. बाबांनी काठीने ढिगातली एक ढलपी माझ्या बाजूला सरकवली, बिटकीची, आणि दुसरी वाडीच्या लाकडांतली. "ह्या घाल नि ह्या घाल. दोनी घाल."

मी न्हाणीमागे जाऊन चुलाण पेटवलं. ओला आंबा पेटेना. मी सोडणं कोंबली, कागद कोंबले, फुंकर घालून घालून छातीत कळ आली. धुराने डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला ते धुराचंच आहे असं वाटू द्यायचं होतं. शेजारच्यांनी आणलेल्या वाळक्या ढलप्या मध्ये घातल्यावर मग कुठे जाळ धरला. वाडीने बाबांच्या चितेसाठी आणलेल्या लाकडांनी बाबांच्या आंघोळीचं पाणी तापलं. बाबा आत जाऊन बसले. मी दाराबाहेर उभी राहून पाणी ओतल्याचा आवाज ऐकत होते. त्यांनी पहिला तांब्या घेतला, आणि आतून काही हाक आली नाही. पाणी हाडापर्यंत पोचलं असावं.

पावसाळाभर आम्ही ते झाड जाळलं. आंब्याचं लाकूड भरभर संपतं आणि धूर फार करतं. रोज सकाळी मी खोपीत जाऊन बिटकीच्या ढलप्या काढायची आणि रोज सकाळी माझा राग नव्याने पेटायचा. माणसाला आपल्या शेवटाची एक सोय करून ठेवावीशी वाटते, त्यासाठी तो आयुष्यभर एक आंबट झाड सांभाळतो, आणि ते झाड रोज थोडं थोडं त्याच्या आंघोळीच्या पाण्याखाली जातं. वाडीतली माणसं आमच्या चुलाणाचा धूर बघायची आणि नजर वळवायची. बाबांना त्याचं काही नव्हतं. आंघोळ करून ते पांढरी बंडी घालून ओटीवर बसायचे आणि पहिल्यापेक्षा ठणठणीत दिसायचे. मी चिडून एकदा म्हटलं, तुमचं सगळं झाड संपायला आलं, तुम्हाला काही वाटत नाही? ते म्हणाले, "ता संपेपर्यंत तरी माका जाता येव्चा नाय. बरा हाय." मी भांडी आपटली.

कडीचा ओंडका मात्र आम्ही फोडला नाही. फोडताच आला नाही. तो न्हाणीच्या पायरीजवळ ठेवला आणि बाबा पाणी तापेपर्यंत त्याच्यावर बसायला लागले.

गणपतीला चुलतभाऊ आला. येणारच होता, गणपती आमच्या दोघांचा एकच. येताना बाबांना महागडी शाल आणली, मला साडी. पाया पडला. फोनवरच्या बोलण्याचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही, कारण देव घरात होता आणि मी एकदा सुरू झाले असते तर आरतीपर्यंत थांबले नसते. वाडीतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या, ही फुटते कधी म्हणून. मी दातांवर दात ठेवून मोदक वळले. माझे मोदक त्या वर्षी सगळे फाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज नव्हती. तो आंघोळीला गेला. मी मागे चुलाणापाशी बसले होते, बिटकीच्या शेवटच्या ढलप्या होत्या त्या जाळत. बाबा नेहमीसारखे ओंडक्यावर बसलेले. आतून त्याचा आवाज आला, मजेतला, गाणं म्हणावं तसा. "ताई, वा! लाकडावरच्या पाण्याची मजाच वेगळी. हे मुंबईत कुठे मिळायला?"

माझ्या हातात जळकं लाकूड होतं. देवाची शपथ, ते मी न्हाणीच्या दारावर फेकणार होते. बाबांनी काठी आडवी धरली.

"रे," त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली. "पानी बरा तापलाय ना?"

"एकदम मस्त, काका."

"ता माझा झाड."

आत तांब्या बादलीला लागल्याचा आवाज झाला आणि मग काहीच आवाज येईना. बाबा अगदी नेहमीच्या आवाजात, वाडीतल्या कुणाला पेरणीबद्दल सांगावं तसं बोलत होते.

"सगळा जळला. ह्यो एक ओंडको उरलोय, तो ठेवलंय. नि माझ्या वेळेला तू मुंबईसून धावत येव नको. ही रोज पेटवते. हीच पेटवील."

मग मीच ओरडले, बाबांवर. सणासुदीच्या दिवशी सकाळी सकाळी हे काय बोलता, असं कुणी बोलतं का, देव घरात बसलाय याचं तरी भान ठेवा. मला खरोखरच राग आला होता, त्यांचा, त्याचा, त्या झाडाचा, सगळ्यांचा. मी जाळ पुढे सारायला वाकले, कारण माझं तोंड मला कुणाला दाखवायचं नव्हतं.

थोड्या वेळाने आतून चुलतभाऊ हळू आवाजात "काका" म्हणाला.

बाबांनी काठीचं टोक माझ्या पायाला लावलं. "आत बसून बसून गारठला असंल तो. त्याला आनी एक कळशी कडत पानी दे."

मी दिलं नाही.